मेथीच्या जुड्या आणि सांताक्रूझची विमानं

शेवंतीबाई पंच्याऐंशी वर्षं जगल्या, आणि त्यातली बारा वर्षं त्यांनी मुंबईत, कांदिवलीजवळच्या चारकोपात शेती केली. आज जिथं सेक्टरांच्या बिल्डिंगी आणि रिक्षा स्टँड आहे, तिथं. हे सांगितलं की नवीन राहायला आलेली माणसं हसतात.

मागच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, चौघं जण बोलले आणि मग सगळे शकुकडे बघू लागले. शकु म्हणजे थोरली लेक. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली बाई, पण माईकसमोर बोलायची तिला सवय नव्हती. माय कष्टाळू होती, प्रेमळ होती, हे आधीच चौघांनी सांगून झालं होतं. आता आपण काय सांगायचं? तेवढ्यात तिला तो दिवस आठवला. चाळीस वर्षांत तिनं तो कुणालाच सांगितला नव्हता.

माय आणि बा, म्हणजे शेवंती आणि अंबादास, बाहत्तरच्या दुष्काळानंतर जालन्याकडून मुंबईला आले. शकु तेव्हा कडेवर होती. बा बांधकामावर लागला. मायही दोन दिवस विटा वाहायला गेली. तिसऱ्या दिवशी चारकोप गावातून जाताना तिला तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची, सहदेवकाकांची विहीर दिसली आणि ती तिथंच थबकली. विहीर काठोकाठ भरलेली, आणि भोवतीची जमीन पडीक! जिनं गावाकडं एका हंड्यासाठी कोसभर पायपीट केलेली, तिला हे बघवेल कसं? ती तडक काकांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"काका, एवढं पानी असून जमीन अशी का पडलीय?"

"करणार कोण, बाई? पोरं कारखान्यात जातात."

"मी करते. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

काकांना वाटलं, करेल चार दिवस आणि जाईल. दोन महिन्यांत तिथं पालक, लाल माठ, मुळा आणि मेथीचे वाफे उभे राहिले. माय पहाटे टोपली घेऊन कांदिवली स्टेशनबाहेर बसायची आणि दहाच्या आत परत येऊन खुरपं हातात घ्यायची. धाकट्या लेकाच्या, भीमराजच्या वेळी कळा तिला भेंडी तोडतानाच सुरू झाल्या, तरी ती तो वाफा उरकूनच घरी गेली. शकुनं दहावीचा सगळा अभ्यास विहिरीच्या कठड्यावर बसून केला.

आणि त्याच वर्षी, दहावीच्या परीक्षेला महिना राहिला असताना, मळ्याच्या तोंडाशी बुलडोझर येऊन उभा राहिला.

जमीन सरकारनं घेतली होती, तिथं घरांचे सेक्टर बांधायचे होते. मायला हे माहीत होतं, पण इतक्या लवकर मशीन येईल असं तिला वाटलं नव्हतं. मेथी ऐन भरात होती. ती हातात विळा घेऊन धावत मशीनसमोर गेली.

"अहो सायेब, थांबा! मेथी उभी हाय!"

"मावशी, नोटीस कधीच दिलीय."

"दिली असंल. पर मेथीला वाचता येत न्हाई ना, सायेब!"

मशीनबरोबर आलेल्या साहेबाला हसू आवरेना. मायनं आठ दिवस मागितले. "परवा सकाळी मशीन आत येणार," तो म्हणाला, "त्याच्या आत काय काढायचं ते काढ."

मग जे झालं ते शकु कधी विसरली नाही. मायनं वस्तीत जाऊन हाळी दिली आणि निम्मी वस्ती मळ्यात उतरली! बाया कापताहेत, पोरं विहिरीवर धुताहेत, बा सुट्टी टाकून आलेला, भीमराज केळीच्या खोडाचं वाळकं सोपट फाडून जुड्या बांधायला देतोय. कुणीतरी गाणं धरलं. दिवस मावळायच्या आत शेवटचा वाफा रिकामा झाला आणि विहिरीभोवती मेथीचा डोंगर उभा राहिला.

"एवढी भाजी कांदिवलीत खपायची न्हाई," माय म्हणाली. "शके, उद्या आपण सांताक्रूझला जायचं."

कांदिवलीच्या पुढं माय एकटी कधी गेली नव्हती. पण सकाळी टेम्पोत भाजीच्या ढिगावर बसून दोघी निघाल्या. सांताक्रूझच्या मंडईबाहेर गोणपाट अंथरलं नाही तोच समोर एक ठसठशीत बाई उभी. तिचं नाव सुगंधा, मूळची कुडाळकडची.

"ही आमची जागा आसा. उठ बघू हयसून!"

शकुची घाबरगुंडी उडाली. माय मात्र शांतपणे म्हणाली, "बाई, मी रोज येनार न्हाई. उद्या माझ्या मळ्यावर मशीन फिरनार हाय. ही भाजी वाया जाऊ ने, एवढंच. तुम्हीच विका. निम्मं तुमचं."

सुगंधानं एक जुडी उचलली, नाकाशी नेली आणि मंडईतल्या बायांकडं वळून एकदम ओरडली, "गो बायांनो, येवा गो सगळ्यो!"

आणि सगळी मंडई घुमायला लागली. "आली, चारकोपची मेथी आली!" शकु ओरडत होती, माय ओरडत होती, सुगंधा तर दोघींच्या वरताण. जेवायची वेळ व्हायच्या आत एक जुडी शिल्लक राहिली नाही.

परत निघताना रस्त्यात एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. माय डोकं धरून मटकन खालीच बसली. डोक्यावरून विमान गेलं, एवढं खालून की त्याची चाकं दिसली.

"शके! पोट दिसलं गं त्याचं!"

आणि पंचेचाळीस वर्षांची माय, उद्या जिचा मळा जाणार होता ती माय, पदर खोचून विमानतळाच्या भिंतीकडं पळत सुटली. "थांब, दुसरं येतंय! ते बघ, ते बघ!" एकेक विमान आलं की ती दोन्ही हात वर करून उड्या मारायची. दोघींनी भजी खाल्ली आणि पाच विमानं बघितली. निघताना माय म्हणाली, "बाला सांगू नको. मळा चाललाय आन् ही विमानं बघत बसली म्हनंल." बस आली. तशी ती डोळे पुसून म्हणाली, "पर झकास दिसलं, न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी मशीन आलं तेव्हा मायनं स्वतः कुंपणाच्या काट्या ओढून त्याला वाट करून दिली. पुढं तिनं एका शाळेत माळीकाम केलं, दोन्ही पोरं शिकवली, काही वर्षांनी सेक्टरात घर झालं, आणि वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती गच्चीवरच्या ड्रमांत पालक काढत होती.

शकु बोलायची थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपले दोन्ही हात वर आहेत. हॉलमध्ये सगळे हसत होते, काही जण डोळे पुसत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून भीमराज ताडकन उठला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण चेहरा रुसलेल्या पोरासारखा.

"ताई, त्या जुड्यांसाठी आदल्या दिवशी मी दिवसभर सोपट फाडत बसलो होतो! आणि तुम्ही दोघी विमानं बघत होता?"

"पाच बघितली," शकु म्हणाली.

"भजी पण खाल्ली?"

"कांद्याची."

भन्तेजीसुद्धा हसले. जेवणाची पानं मांडली गेली, खीर वाढून झाली, तरी भीमराज बहिणीच्या शेजारून हलेना. खुर्ची तिच्याकडं ओढून तो म्हणाला, "ते विमानाचं परत सांग. मायनं हात कसे वर केले होते?"