तुळशीदासने गेकोला दिलेली ऊब

तुळशीदास,
आखातात, अर्दियाच्या गॅरेजात मोटारींचं वायरिंग करणारा तू. २००३ च्या जानेवारीत माझ्या नातीच्या हाकेला आलास आणि काचेच्या पेटीत डोकावून म्हणालास, "आजी, ह्या पालीक शेक कित्याक व्हयो?"

घरातली पाल नव्हे, नातीने पाळलेला ठिपक्यांचा गेको! थंडीने गारठून आठ दिवस उपाशी होता आणि प्रणिता रडून बेजार झाली होती. तू गावाकडे कोंबडीच्या पिल्लांवर टांगतात तसा शंभराचा बल्ब टांगलास. गेको खापरीखाली दडला तो दडलाच.

"उजेड नको रे! त्याला पोटाखालून ऊब लागते," मी गेकोसोबत मिळालेली पुस्तिका तुझ्या नाकासमोर नाचवली.

"मगे आधी सांगूक काय झाला?"

बल्ब काढून तू पेटीच्या एका टोकाला काचेखाली गरम होणारी चटई चिकटवलीस आणि आत तळहात ठेवून तासभर बसलास, तान्ह्या बाळाचं अंग चाचपावं तसा. संध्याकाळी गेकोने किडा मटकावला. प्रणिता नाचली.

जाताना म्हणालास, "आजी, ह्येचो एक फोटो देवा. आवशीक दाखवूचो आसा, मी हंय काय करतंय ता."

कॅमेऱ्यात रोल नव्हता. आणते म्हटलं. आणायच्या आतच तुझा करार संपला आणि तू गावी गेलास; आईला दाखवायचा फोटो राहूनच गेला.