तिला आवडलेली स्वस्तातली वाइन

आमी दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर घरी बसून लाल वाइन चाखली. जावयानं नाशिकहून एक महाग, एक स्वस्त अशा दोन बाटल्या आणल्या होत्या. बायकोनं दोन वाट्यांत ओतल्या, मधे भाकरीचा तुकडा चावला. मी म्हणलं, महागातलीच भारी. ती हसली, "अवं, तुमाला किमतीची चव लागायलीय. ही नुसती तुरट हाय. स्वस्तातली बघा, जांभळावानी लागती." मी काय कबूल केलं न्हाई. पहाटे ती झोपेतच गेली. सकाळी भावकी तिच्या तोंडात गंगाजल घालायला लागली, तवा मी स्वस्तातली बाटली काढली. थोरला भाऊ ओरडला, "अरे, मयताच्या तोंडात दारू?" "तिनं पसंत केलेली हाय, सरक," म्हणलं आन् चमचा भरला.