नऊ नंबरला सोडायचं नाही

परवा पेपरात फुटबॉलमधल्या एका कोरियन बचावपटूचा फोटो आला. आता तो प्रशिक्षक झालाय. त्याच्यापायी माझी कॉलेजच्या संघातली जागा जाता जाता राहिली होती. आम्हाला शिकवायचे ते यावलचे सुतारकाम करणारे चाचा. टीव्हीवर ते त्या कोरियनचा एकही सामना चुकवत नसत. धुळ्यातल्या माझ्या पहिल्याच सामन्याआधी त्यांनी बजावलं, "उस कोरियन जैसा खेल! समोरच्या नऊ नंबरला सोडायचं नाही. सोडलंस तर उद्यापासून घरी बस." त्या तापलेल्या मैदानात मी नऊ नंबरच्या घामाचा वास येईल इतका त्याला चिकटून पळालो. शेवटी त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो लंगडत बाहेर निघाला. मीही मागोमाग गेलो आणि त्यांच्या संघाच्या बाकावर त्याच्याशेजारी बसलो. मी इथे का आलो म्हणून तो चक्रावून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तू काबर उना?" तेवढ्यात आमच्यावर गोल झाला आणि आम्ही हरलो. चाचा धावत आले. "पागल, तो बाहेर गेला, तू कुठे निघालास?" मी रडवेला होऊन म्हणालो, "तुम्हीच सांगितलं, सोडायचं नाही." त्यांना हसू आवरेना. "राहू दे याला संघात. सांगितलेलं ऐकतो तरी!" त्यांच्या कृपेने आज मीही मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि पहिल्याच दिवशी चुन्याची रेघ दाखवून सांगतो, समोरचा हिच्याबाहेर गेला की त्याला जाऊ द्यायचं.