ताईच्या सहा काचा

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाला दोनेक वर्षं झाली असतील. श्रीवर्धनहून आगबोटीत बसले ती एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवून. धक्क्यावर अण्णा उभे असतील, छत्री बगलेत असेल, आणि मला बघताच ते हात वर करतील. प्रत्यक्षात धक्क्यावर आमचा म्हातारा गाडीवान तेवढा उभा होता.

"अण्णा कुठं आहेत?" मी विचारलं.

"अण्णा नि थोरली बाय खाडीवर गेलीत, कॅमेरा घेऊन. पहाटंच गेलीत. आज पाखरं लय उतरलीत म्हनं."

थोरली बाय म्हणजे माझी ताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा विषमज्वराने गेला आणि सहा महिन्यांत सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. अण्णांनी तिचे केस उतरवू दिले नाहीत. त्यावरून गावात वर्षभर कुजबुज चालली, पण अण्णांनी कुणाला उत्तर दिलं नाही. सगळी उमर त्यांनी जंगलखात्यात काढली होती. माणसांपेक्षा पाखरांकडे त्यांचं लक्ष जास्त. ते पेन्शनीत निघाले त्या वर्षी त्यांचा एक साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना आपला जुना कॅमेरा त्यांना देऊन गेला. लाकडी पेटीचा, पुढे चामड्याचा भाता असलेला. त्यात फिल्म नसे, औषध लावलेल्या काचा घालाव्या लागत; धुवायच्या आधी त्यांना उजेड लागला की त्या काळ्या पडत.

अण्णांच्या मागे रानात हिंडण्याचा मान खरं म्हणजे माझा होता. ताईचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतरची चार वर्षं घरात मी एकटीच. अण्णा फिरतीवरून आले की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे चालू लागायची. कोतवाल कसा ओरडतो, खंड्याचं बीळ कुठं असतं, हे मला त्यांनी शिकवलं. काही बरोबर सांगितलं की पाठीवर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास, पठ्ठ्या!" सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं, मी श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांत जाऊन पडले, आणि त्याच पावसाळ्यात ताई परत आली. माझी जागा रिकामी झाली होती, तिथे ती बसली.

एक विचार माझ्या मनात आला होता तो आज लिहून टाकते. हिचा नवरा गेला म्हणून हिला अण्णा मिळाले, असं मला वाटलं होतं. एकदा नव्हे, त्या हिवाळ्यात रोज वाटत होतं.

आई माझे डोहाळे पुरवत होती. ओल्या नारळाच्या करंज्या झाल्या, सांदणं झाली. अण्णाही विचारपूस करत. पण ती पाहुण्याची विचारपूस. "झोप लागली का? पाय सुजतात का?" एवढं विचारलं की ते ताईकडे वळत आणि दोघांचं बोलणं सुरू होई. उजेड किती होता, भिंगावरचं झाकण किती आकडे मोजेपर्यंत उघडं ठेवलं, औषधात काच किती वेळ ठेवली. कोठीच्या खोलीची खिडकी काळं कापड ठोकून बंद केली होती. तिथं तांबड्या काचेचा कंदील लावून ती दोघं तासतासभर काचा धूत. मी ओटीवर बसून दाराआडून येणारं हसणं ऐकत असे.

मार्गशीर्ष संपता संपता गरुडाचं प्रकरण सुरू झालं. काशीदच्या वाटेवर डोंगर समुद्राजवळ येतो, तिथं पायथ्याशी एक जुना उंच आंबा होता. त्याच्या शेंड्यावर समुद्रावरच्या पांढऱ्या पोटाच्या गरुडांनी घरटं केलं होतं आणि त्यात एक पिल्लू होतं. डोंगराच्या अंगावर एका जागी कडा पुढे आला होता. तिथं बसलं की घरट्याच्या आत दिसे. पण अण्णांच्या गुडघ्यांना आता चढ झेपत नसे. कॅमेरा आणि तिवई घेऊन वर चढायची ती ताईच.

"मीही येणार," मी आदल्या दिवशी जेवताना म्हटलं.

आईने वाढता वाढता हात थांबवला. "आठवा सरत आलाय तुझा. पहाटेच्या दवात बाहेर पडतेस? लोक काय म्हणतील?"

"गाडीतनं येईन. खाली बसून राहीन."

अण्णा ताईकडे बघत होते. ताई म्हणाली, "येऊ दे की, अण्णा. तिला आवडतं." मी तिच्या शिफारशीवर जाणार होते, हे मला फारच लागलं.

आम्ही निघालो तेव्हा चांदण्या होत्या. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. गाडीवान म्हणाला, "बाय, थंडी लय हाय, ती घोंगडी घे आंगावर," आणि मी गवतावर घोंगडी लपेटून बसले. अण्णा आणि ताई गाडीच्या मागे चालत येत होते, कारण तिवई गाडीत आडवी टाकली की जागा उरत नव्हती. भातं कापलेली शेतं दवाने पांढरी पडली होती. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला.

आंब्यापासून थोडं अलीकडे गाडी सोडली. ताईने लुगड्याचा काष्टा कसला, कॅमेरा पाठीवर बांधला, तिवई हातात घेतली. सहा काचा होत्या. तीन चपट्या लाकडी पेट्या, प्रत्येकीच्या दोन बाजूंना एकेक काच, वर सरकतं झाकण, एका बाजूने पांढरं, दुसऱ्या बाजूने काळं. त्या पिशवीत घालून तिने पिशवी गळ्यात अडकवली आणि करवंदीच्या जाळ्यांतून चढू लागली. पुरुषासारखी चढत होती. पाच-दहा मिनिटांत कड्यावर तिचं पांढरं लुगडं ठिपक्याएवढं दिसलं, मग तिने डोक्यावर काळा कपडा ओढला आणि तेही दिसेनासं झालं.

सूर्य डोंगरामागून येणार होता. आधी दूरच्या पाण्यावर ऊन पडलं, मग वाळूवर, मग हळूहळू आंब्याच्या शेंड्यावर चढलं. अण्णा गाडीच्या चाकाला टेकून वर बघत होते. मी त्यांच्या इतक्या जवळ होते की हात लांबवून त्यांचं उपरणं धरता आलं असतं. तेवढ्यात पोटात बाळ जोरात फिरलं. मला वाटलं, ही गोष्ट फक्त मीच त्यांना सांगू शकते.

"अण्णा," मी म्हटलं, "बाळ हललं."

"हं," ते म्हणाले. मान वळवली नाही. "आता मादी येईल बघ."

आणि आली ती. समुद्रावरून सरळ आली, पंख न हलवता. पायांत काहीतरी लोंबत होतं. घरट्याच्या काठावर ती बसली, पिल्लाने चोच वर केली. अण्णा श्वास रोखून उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गरुड मी धड पाहिलाच नाही.

तासाभराने ताई खाली आली. कोपराला खरचटलं होतं, केसांत काटक्या अडकल्या होत्या, आणि तोंड असं उजळलेलं की मी तिला तसं तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"साप होता, अण्णा! समुद्रातला साप! पिल्लाला भरवताना घेतलाय. दोनदा घेतलाय!"

"हात हलला नाही ना?"

"नाही."

अण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पठ्ठ्या!"

पुढचं मी चोरून केलं, पण अजाणता केलं नाही. ताईने पिशवी माझ्या मांडीवर दिली. "सांभाळ हं, धक्का लागू देऊ नकोस," एवढं म्हणून ती अण्णांबरोबर मागून चालू लागली. गाडी निघाली. दोघं बोलत बोलत बरीच मागे राहिली. गाडीवानाची माझ्याकडे पाठ होती. ऊन चांगलं वर आलं होतं. मी घोंगडी बाजूला सारली, पहिली पेटी काढली, झाकण ओढून बाहेर घेतलं. आत काच दुधाळ, गुळगुळीत, कोऱ्या पाटीसारखी होती. तिच्यावर ऊन पडू दिलं. झाकण लावलं. पेटी उलटी करून दुसरी बाजू उघडली. मग दुसरी पेटी. तिसरीला हात घातला तेव्हा बैल ठेचकाळला, गाडीवानाने मागे वळून बघितलं, आणि मी पिशवी बंद केली. 

दुपारी कोठीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आतून हसणं आलं नाही. अण्णा ओल्या काचा हातात धरून बाहेर आले. चार काचा ठार काळ्या. उरलेल्या दोहोंवर नुसतं घरटं, रिकामं वाटणारं.

"झाकण नीट बसवलं नव्हतंस," अण्णा ताईला म्हणाले. "किती वेळा सांगितलं? वर चढलीस, एवढा वेळ बसलीस, आणि एवढंही भान नाही? दुसऱ्याचा जीव लागलेला असतो याच्यात!"

अण्णांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.  ताईने काचा त्यांच्या हातून घेतल्या आणि ती धुवायला गेली. एकेक करून चार काचा धुतल्याचा आवाज मी ओटीवरून ऐकला.

नंतरचे आठ दिवस अण्णा पहाटे उठले नाहीत. कॅमेरा फडताळात गेला. ताई स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली असे. मला हवं होतं ते झालं. अण्णा सकाळचे माझ्याजवळ ओटीवर येऊन बसू लागले. आणि आम्हाला बोलायला काही नव्हतं. ते सुपारीच्या पिकाबद्दल विचारत, मी सांगत असे. ते हं हं करत. मग आम्ही दोघं अंगणातल्या कावळ्यांकडे बघत बसत असू.

नवव्या दिवशी ताई माझ्या डोक्याला तेल लावत होती. आई देवळात गेली होती. ताई अचानक म्हणाली, "फोटो घेतला की मी झाकण उलटं घालते. काळी बाजू वर. कोरी असली तर पांढरी बाजू वर. त्या चारही काचांवर पांढरी बाजू वर होती."

माझ्या मानेवर तिची बोटं होती. मला मागे वळून बघता येईना.

"मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. आठ दिवस थांबले." तिने बोटं काढून घेतली. "तुझं घर आहे, नवरा आहे, आता मूल येईल. ह्या घरात तेवढं एक माझं होतं. तेही तुला बघवलं नाही?"

मी रडू लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. तेलाची वाटी उचलली आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते शिव्या देतील, तोंड फिरवतील, निदान त्या दिवसासारखे ओरडतील, अशी मनाची तयारी करून गेले होते.  ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. ह्या दिवसांत बाईमाणसाचं मन ठिकाणावर नसतं. जिवाला लावून घेऊ नकोस."

एवढंच. मी जागच्या जागी बसून राहिले. तिच्यावर ते रागावले होते, कारण तिच्याकडून त्यांची अपेक्षा होती. माझ्यावर रागवावं असंही त्यांना वाटलं नाही. मला त्या रागाचासुद्धा हेवा वाटला.

मग ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत काय बोलले ते कळलं नाही, पण थोड्या वेळाने फडताळ उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी चांदण्यांतच दोघं निघून गेली. मी अंथरुणात जागी होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मला मुलगा झाला. ताईने बाराव्या दिवसापर्यंत माझी सगळी उसाभर केली, बाळाला न्हाऊमाखू घातलं, पण माझ्याशी कामापुरतंच बोलली. निघायच्या दिवशी अण्णा आणि आई धक्क्यावर आले. ताई आली नाही. उजेड चांगला होता म्हणून ती खाडीवर गेली होती. आगबोटीत चढताना मी अण्णांना म्हटलं, "गरुडाचा चांगला फोटो मिळाला असेल तर मला एक पाठवा ना."

"ताईला विचारून पाठवतो," ते म्हणाले. "काच तिची आहे."

होळीनंतर टपालाने पाकीट आलं. पिल्लू घरट्याच्या काठावर उभं होतं, पंख पसरून, मागे समुद्र. साप नव्हता, आई नव्हती. मागच्या बाजूला ताईच्या अक्षरात लिहिलं होतं: "सकाळी ऊन शेंड्यावर आल्यावर. चौथ्या दिवशी उडालं." माझं नाव नव्हतं, खुशाली नव्हती.

सासूबाईंनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. "कुणी काढला गं एवढा चांगला?"

 "माझ्या ताईनं," मी म्हटलं.

"ती विधवा झालेली? बायका कुठं डोंगर चढून असलं करतात?"

"आमच्याकडे करतात," मी म्हटलं, आणि फोटो त्यांच्या हातून काढून घेतला. बोलताना माझा ऊर भरून आला होता. आणि त्याच क्षणी तो फोटो आपण काढलेला असता तर, हेही मनात आलंच.