उलट ठोके

उस्तादांची उजवी मूठ वर गेली की मैदानातली सगळी माणसं गप्प. "चुप्प! नीचे आदमी है," एवढंच ते म्हणत. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही श्वास रोखला असता.

विद्यानगरजवळच्या आमच्या केंद्रात ते अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवत, भूकंपात ढासळलेल्या घरांतून माणसं कशी काढायची ते. मी तिथला कारकून. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मूळचे लातूरकडचे. तिकडच्या भूकंपात तरुणपणी मदतीला गेले होते. यंत्रांच्या घरघरीत खालचे आवाज कोणालाच ऐकू आले नाहीत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

सरावात एक जवान सिमेंटच्या पाइपात झोपून तीन ठोके द्यायचा. वरच्यांनी तीन ठोके उलट द्यायचे. कोणी विसरला की उस्ताद भडकत. "अरे, जवाब कोण देणार? खालच्याला वाटतं वर कोणीच नाही. माणूस तिथंच मरतो." एकदा मलाच पाइपात झोपवलं. बाहेर आलो तेव्हा घामाने निथळत होतो. उस्ताद हसले, "चला, कारकून जिंदा निघाला. आता रजेचे अर्ज अडायचे नाहीत!"

मग राज्याची वाटणी आली. केंद्राचं सामान दोन राज्यांत निम्मं-निम्मं करायचं होतं. यादी मी केली. ढिगाऱ्याखालचा आवाज टिपणारं आमचं एकुलतं यंत्र दोन पेट्यांत असायचं. एकीत जमिनीवर ठेवायचे, आवाज टिपणारे कान, दुसरीत तो आवाज ऐकवणारा डबा; एकाशिवाय दुसरं निरुपयोगी. मी पेट्या मोजल्या आणि लिहिलं, नग दोन. एक इकडे, एक तिकडे. मैदानात जाऊन उस्तादांना विचारायचा कंटाळा केला. सह्या झाल्या, ट्रक गेला.

पेटी परत मागणारी उस्तादांची पत्रं मीच टाइप केली. यादी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय!

त्याच वर्षी काचीगुड्याला एक जुनी इमारत भरदिवसा बसली. खालून ठोके येत होते, पण नेमके कुठून, ते नुसत्या कानाला कळेना. उस्ताद लोखंडी नळाला कान लावून इंच इंच सरकत राहिले. दुपारी ठोके थांबले. ते मात्र उलट ठोके देतच होते. संध्याकाळी ठोके देणारी बाई सापडली, मेलेली, खोदत होते तिथून चार हात डावीकडे. हातात उलथणं होतं.

त्यानंतर त्यांनी पत्रं लिहिली नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी मलकपेठला त्यांच्या घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो.

"उस्ताद, ती पेट्यांची यादी मी..."

त्यांनी चांगल्या हाताची मूठ वर केली. मग त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर तीन ठोके दिले आणि माझ्याकडे बघत राहिले.

माझ्याच्यानं हात उचलवेना. त्यांनी पुन्हा तीन ठोके दिले. तेव्हा कुठे मी उलट दिले.