कापलेला नॉटिलस

हे सांगणं मी आजवर टाळत आलो. त्या शंखाचा विषय निघाला की समुद्राबद्दल बोलत सुटायचो.

जयपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. नॉटिलस हा माझा आवडता धडा. ऑक्टोपसचा दूरचा नातेवाईक, पण शंखात राहणारा. उष्ण समुद्रात प्रवाळाच्या उतारावर दिवसा खोल अंधारात असतो, रात्री वर येऊन खेकडे, मेलेले मासे खातो. वाढेल तसा पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. मागच्या कप्प्यांतल्या वायूमुळे तरंगतो. फळ्यावर ते कप्पे काढून माझं समाधान होत नसे.

आमच्या शास्त्रीनगरच्या घरी तसा शंख होता. बायकोचे वडील जहाजावर नोकरीला होते. निकोबारच्या किनाऱ्यावर वाहत आलेला तो शंख त्यांनी तिला लग्नात दिला होता. ती मालवणला माहेरी गेली असताना मी तो नगिने, म्हणजे रत्नांचे खडे, कापणाऱ्या कारागिराकडे नेला.

"बीच से काटूँ? पक्का, प्रोफेसरसाब?"

"पक्का."

कप्पे अप्रतिम निघाले. ती परतल्यावर दोन्ही अर्धे भाग तिच्यापुढे धरून मी उत्साहाने सगळा धडा म्हणून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे जीव शेवटच्याच खोलीत राहतो?"

"हो."

"आणि बाकीच्या?"

"रिकाम्या."

"मग रिकाम्या खोल्या बघायला माझ्या बाबांचा शंख कापलात?"

"अगं, मुलांना समजायला नको का?" मी म्हणालो.

शंख कॉलेजच्या संग्रहालयात गेला. त्याखालची पाटी मीच लिहिली: तिचं नाव आणि 'सप्रेम भेट'. माझ्या निरोप समारंभात ती पहिल्या रांगेत बसली होती. हिने वडिलांची आठवण आनंदाने विद्यार्थ्यांना दिली, असं मी भाषणात सांगितलं. टाळ्या झाल्या. तिने उठून हात जोडले. घरी येताना रिक्षात म्हणाली, "छान बोललात हो."

ती भेट नव्हती. मी शंख तिला न विचारता नेला होता.

मागच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसून मनात शब्द जुळवत असे: तुला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. एका दुपारी तिने डोळे उघडले.

"काही म्हणालात?"

"औषध घेतलंस का, विचारत होतो."

"घेतलं," म्हणून तिने कूस बदलली.