संदर्भ दिल्याशिवाय रक्त नाही

रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारा हा माणूस मला एकदाच भेटला, आणि अजून माझं डोकं तापलेलं आहे.

जयपूरला गोपालपुऱ्यात आमचं रक्तदान शिबिर होतं. चाकसूच्या एका थॅलेसेमियाच्या मुलीला दुसऱ्या दिवशी रक्त चढवायचं होतं. ती आईसोबत शिबिरातच येऊन बसली होती, पण तिच्या ओ निगेटिव्ह गटाचा दाताच मिळेना. तेवढ्यात हे साहेब आले. गट तोच, त्यात मराठी! मी खूश.

त्यांनी बाही वर केली, आमचं पत्रक वाचलं आणि बाही खाली केली.

"'या मुलांना आयुष्यभर रक्त लागतं.' हे माझ्या शोधनिबंधात आहे. संदर्भ कुठाय?"

"सर, हे तिच्या आईलाही माहीत आहे!"

"तिने छापलंय का कुठे?"

बोलताना ते सारखे मोबाइल बघत होते. मला वाटलं, क्रिकेटचा स्कोअर. छे! आपले निबंध किती जणांनी उद्धृत केले, तो आकडा. "रक्त कोणीही देतं हो," ते कळवळून म्हणाले, "संदर्भ कोणी देत नाही."

असला संताप आला! पण मुलगी समोर बसली होती. मी मुकाट्याने गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर पेनाने त्यांच्या निबंधाचा संदर्भ लिहिला. मग बाही वर गेली.

पिशवी भरली, तशी मुलीची आई हात जोडून म्हणाली, "साहबजी, नाम बता दो. शीतला माता के आगे रोज लूंगी."

साहेब ताडकन उठून बसले. "पहले सरनेम लेना, फिर इनिशियल. नहीं तो पुण्य किसी और के खाते में चला जाएगा."

आणि ती बाई खरंच डोळे मिटून, आडनाव आधी घेत, घोकू लागली.